वेदनेचा हिशेब आणि लोखंडी पाय

खेळाच्या नियमांचे पुस्तक हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बुद्धिबळाचे नियम कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. सावंतवाडीच्या गंजिफा आपण पाहतो त्या त्यांवरील चित्रांसाठी. त्यांच्या नियमांत माणसाविषयीचे एखादे मत दडले असेल, अशी शंका कोणाला येत नाही. तथापि गेल्या अर्धशतकात खेळांचा एक असा प्रकार पुढे आला आहे की, ज्यात कथा हाच खेळ असतो आणि नियम हा त्या कथेचा कणा असतो. इंग्रजीत त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण त्याला भूमिकाखेळ म्हणू. शिक्षणा-नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूस गेलेल्या आपल्या घरांतील तरुण पिढीला हा प्रकार ठाऊक असतो. आपल्या पिढीला तो फारसा ठाऊक नाही. म्हणून प्रथम त्याचे स्वरूप थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि या प्रकारास प्रारंभ झाला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र धारण करतात. पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी इत्यादी गुण कागदावर आकड्यांत लिहिलेले असतात. आपले पात्र काय करणार ते खेळाडू बोलून दाखवतो. कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. संहिता नसते, प्रेक्षक नसतात आणि जिंकणे-हरणेही बहुधा नसते.

पेडणे महालातील वाचकाला यात फारसे परके वाटण्याचे कारण नाही. देवळाच्या जत्रेत रात्री रंगणाऱ्या दशावतारी नाटकालाही लिखित संहिता नसते. रंगपटात आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि एका बाकड्याच्या, पायपेटीच्या नि मृदंगाच्या आधारावर नट ऐनवेळी संवाद रचीत जातात. तेथेही नियम असतात. मात्र ते लिहिलेले नसून परंपरेने अंगी मुरलेले असतात. भूमिकाखेळाने हे नियम कागदावर आणले, आणि कागदावर आलेली गोष्ट तपासता येते.

नियम हा तटस्थ नसतो. अमुक घडले तर पात्राचे तमुक इतके कमी करा, असे जेव्हा एखादे पुस्तक सांगते, तेव्हा माणसात काय मोजण्याजोगे आहे आणि कशाने तो उणा होतो, याविषयीचे मत ते मांडत असते. या दृष्टीने या पुस्तकांतील दोन बाबी मला विशेष विचारार्ह वाटतात. एक, शारीरिक वेदनेचे नियम. आणि दुसरी, गमावलेल्या हातापायाच्या जागी बसवलेल्या यांत्रिक अवयवाचे नियम. प्रस्तुत लेख तेवढ्यापुरताच मर्यादित आहे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये प्रत्येक पात्राला काही ‘हिट पॉइंट्स’ दिलेले असतात. त्यांना प्राणांक म्हणता येईल. घाव बसला की प्राणांक घटतात. शून्यावर आले की पात्र कोसळते. गंमत अशी की, शून्य होईपर्यंत पात्राला काहीही होत नाही. ऐंशी प्राणांकांपैकी एकोणऐंशी गेले तरी वीर पूर्वीच्याच जोमाने तलवार चालवतो. ही कल्पना आली कोठून, याचे उत्तर अर्नेसनने पुढे एका मुलाखतीत दिले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या लोखंडी चिलखती नौकांचा एक खेळ त्याने पूर्वी रचला होता. त्यातून त्याने ती उचलली. म्हणजे मुळात हा हिशेब जहाजाचा आहे. जहाजाला भोके पडतात, ते बुडेपर्यंत त्याच्या तोफा धडाडत राहतात आणि त्याला दुखत नाही. तोच हिशेब माणसाला लावला गेला. प्राणांक म्हणजे केवळ शरीराची सोसण्याची ताकद नव्हे, त्यात लढण्याचे कसब आणि दैवही धरलेले आहे, असा खुलासा गायगॅक्सने १९७९ च्या आपल्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात केला. खुलासा तर्कशुद्ध आहे. परंतु त्यामुळे वेदनेला खेळात जागा मिळाली असे झाले नाही.

ती जागा नंतरच्या ग्रंथकारांनी दिली. स्टीव्ह जॅक्सनच्या १९८६ च्या ‘गर्प्स’ या खेळात घाव बसताच पुढच्या खेपेपुरती पात्राची चपळाई आणि बुद्धी दोन्ही घटतात. या नियमामागे निरीक्षण आहे. दाढ ठणकत असता साधी बेरीज चुकते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. याच खेळात पात्र घडवताना दहा गुण खर्चून वेदना सोसण्याची विशेष शक्ती विकत घेता येते आणि ज्याला वेदना अधिक झोंबते असे पात्र पत्करल्यास दहा गुण परत मिळतात. सहनशीलतेला दहा गुण किंमत लावली, की तिचा प्रश्न मिटला.

येथे आपल्याला कर्णाची आठवण होणे अपरिहार्य आहे. परशुराम कर्णाच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेले असता किडा मांडी पोखरतो. गुरूंची झोप मोडू नये म्हणून कर्ण हूं की चूं करीत नाही. रक्ताच्या स्पर्शाने जागे झालेले परशुराम ताडतात, की एवढी वेदना सोसणारा हा ब्राह्मण असणे शक्य नाही. त्या सोसण्यानेच कर्णाचे असत्य उघडे पडते आणि त्याला शाप मिळतो. ‘गर्प्स’च्या भाषेत कर्णाने दहा गुण खर्चून लाभ घेतला होता. महाभारतकारांनी मात्र त्या लाभालाच त्याच्या नाशाचे कारण केले. सोसण्याची रीत माणसाची ओळख सांगते, हे त्या कथेचे मर्म आहे, आणि गुणांच्या कोष्टकात नेमके तेच सुटून जाते.

आता यांत्रिक अवयवांकडे वळू. या विषयातील प्रमुख ग्रंथ म्हणजे माईक पाँडस्मिथ यांचा ‘सायबरपंक’. तो प्रथम १९८८ साली निघाला आणि १९९० मध्ये ‘सायबरपंक २०२०’ या नावाने त्याची दुसरी आवृत्ती आली. त्या वेळी भविष्यकाळ असलेल्या २०२० सालातील एका अमेरिकन महानगराचे चित्र त्यात आहे. तेथे मोठ्या कंपन्यांचे राज्य आहे आणि हात, पाय, डोळे दुकानात विकत मिळतात. वेदनेच्या बाबतीत हा ग्रंथ आधीच्या पुस्तकांहून पुष्कळ पुढे गेला आहे. जखमांच्या त्यात पायऱ्या आहेत. गंभीर जखमेने हालचाल मंदावते. त्यापुढील पायरीवर चपळाई, बुद्धी आणि धीर ही तिन्ही निम्म्यावर येतात. प्राणांतिक जखमेत ती एकतृतीयांश उरतात. एकाच आघाताने हातापायाला मोठी इजा झाली तर तो अवयव तुटतो, आणि पात्र जगते की मरते हे फाशावर ठरते. या खेळात मारामारी स्वस्त नाही. वेदनेची भीती खेळाडूला वाटावी ही ग्रंथकाराची इच्छा स्पष्ट दिसते आणि ती स्तुत्य आहे.

तुटलेल्या हाताच्या जागी यांत्रिक हात बसवला की मात्र हा ग्रंथ दोन विधाने करतो, आणि दोन्ही मला सदोष वाटतात.

पहिले विधान असे, की यांत्रिक हाताला वेदना नाही. त्यावर बसलेला घाव पात्राच्या जखमांत धरला जात नाही. त्या हाताची मोडतोड वेगळ्या आकड्याने मोजतात. वीसला तो निकामी होतो आणि तिसाला नष्ट होतो. अर्नेसनची चिलखती नौका येथे खांद्याला जोडून परत आली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

वास्तव काय सांगते? ज्या यादवी युद्धातील लोखंडी नौकांवरून प्राणांकांची कल्पना निघाली, त्याच युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांवर फिलाडेल्फियाच्या सायलस वेअर मिचेल या वैद्याने उपचार केले. तोडून टाकलेला पाय आपल्याला अजून जाणवतो, त्याची बोटे वळतात, टाच जळते, असे ते सैनिक सांगत. मिचेलने १८७१ मध्ये या जाणिवेला जे इंग्रजी नाव दिले, त्याचा अर्थ ‘भुताचा अवयव’ असा होतो. पुढे १९९० च्या दशकात मूळचे तमिळनाडूचे असलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी एका साध्या आरशाचा उपयोग केला. शाबूत हाताचे प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसेल अशी रचना त्यांनी केली; काही रुग्णांची मूठ वर्षानुवर्षांनी ‘उघडली’ आणि दुखणे कमी झाले. तात्पर्य, दुखणे अवयवात नसते, ते माणसात असते. अवयव गेला तरी दुखणे राहू शकते. त्या जागी पोलाद बसवल्याने ते आपोआप जात नाही. त्या एकाच युद्धातून या खेळांनी जहाज उचलले आणि सैनिकाला मागे ठेवले. यांत्रिक हाताच्या नियमात एवढे एक वाक्य असते, की नसलेला हात अधूनमधून रात्री दुखतो, तर त्या पात्रांच्या कथा किती निराळ्या झाल्या असत्या!

शिवाय वेदना नसणे ही शक्ती आहे, हे गृहीतच तपासून पाहावे लागेल. १९८९ साली निघालेल्या ‘शॅडोरन’ या दुसऱ्या प्रसिद्ध खेळात वेदना बंद करणारी एक रचना शरीरात बसवून घेता येते आणि मग जखमांचा परिणाम पात्राच्या कृतीवर होत नाही. त्याबरोबर स्पर्शाची जाणही मंदावते, असा नियम मात्र तेथे आहे. ग्रंथकारांना तो कसाही सुचलेला असो, तो खरा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरोग्याची बोटे झिजतात ती मुख्यतः रोगाने मांस सडते म्हणून नव्हे. त्या बोटांना दुखत नाही, म्हणून भाजणे, कापणे, घासणे कळत नाही आणि इजेवर इजा होत जाते. वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमट्यांनी उभारलेल्या आनंदवनाची कथा आपणा सर्वांना परिचित आहे. तेथील माणसांनी बधिर हातांनी शेती पिकवली ती प्रत्येक हत्यार डोळ्यांनी जपून. ‘वेदना’ हा शब्दच ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. ज्याला वेदना नाही त्याला तेवढे ज्ञान नाही, असा अर्थ आपल्या भाषेने शब्दातच साठवून ठेवला आहे.

दुसरे विधान अधिक गंभीर आहे. ‘सायबरपंक २०२०’मध्ये प्रत्येक पात्राला दुसऱ्याचे सुखदुःख जाणण्याचा एक गुण असतो. त्याची दसपट म्हणजे त्या पात्राची ‘मानवता’. यांत्रिक अवयव बसवला की फासे टाकून येईल तेवढी मानवता वजा करावयाची. एका हाताला दोन फासे. मानवतेचे दहा अंक गेले की समसंवेदनेचा एक गुण जातो, आणि सारे संपले की पात्र वेडे नि हिंस्र होऊन खेळाडूच्या हातातून निघून सूत्रधाराच्या ताब्यात जाते. ‘शॅडोरन’मध्येही प्रत्येक पात्राला सहा अंकांचे ‘सत्त्व’ असते आणि यंत्रागणिक ते कमी होते.

या नियमाच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रथम म्हटले पाहिजे. पाँडस्मिथ यांचा रोख अपंगांवर नाही. देह हाही बाजारातील माल झाला आणि धडधाकट माणूस अधिक मारक होण्यासाठी आपला चांगला हात कापून पोलादाचा बसवू लागला, तर तो शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहील, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न खरा आहे आणि खेळाच्या नियमातून तो विचारण्याची युक्ती बुद्धिमान आहे. दोष असा, की हव्यासाने हात कापून घेणारा आणि यंत्रात हात गमावलेला मजूर या दोघांना नियम एकच फासा देतो. मजुराने काहीही वाईट केलेले नाही; तरी नवा हात घेताच तो कागदावर कमी माणूस ठरतो.

ऋग्वेदात विश्पलेची कथा आहे. खेल नावाच्या राजाच्या पक्षाकडून लढताना रात्री तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय बसवून दिला. ‘खेल’ हे येथे विशेषनाम आहे, हे सांगावयास हवे. आपल्या विषयाशी त्याचा जुळलेला श्लेष केवळ योगायोगाचा आहे. विश्पला ही स्त्री की शर्यतीची घोडी याविषयी पाश्चात्त्य पंडितांत मतभेद आहेत. सायणाचार्यांनी तिला स्त्रीच मानले आहे. आपल्याला महत्त्वाचे ते हे, की सूक्तकर्त्याने अश्विनांची स्तुती केली ती पाय दिल्याबद्दल आणि त्या पायाने तिला पुन्हा धावता आले याबद्दल. त्या पायाने तिच्यातून काही वजा झाले, असा ध्वनी तेथे कोठेही नाही.

म्हणून आपली परंपरा या बाबतीत निर्दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. धृतराष्ट्र ज्येष्ठ असूनही अंधत्वामुळे सिंहासनास अपात्र ठरला. मनुस्मृतीने आंधळे, बहिरे, मुके यांस वारसाहक्कातून वगळले. मंथरेचे कुबड आणि तिचे कपट आपण एका श्वासात सांगतो. ‘थोटा’, ‘लंगडा’ हे आपल्या बोलण्यातील शब्द नुसते वर्णन करीत नाहीत. अंगाने उणा तो माणूस म्हणून उणा, हा नियम आपल्याकडेही होता; त्याला फाशांची गरज नव्हती, एवढाच फरक.

नियमाला खरे उत्तर दिले ते प्रत्यक्षातील कारागिरांनी. पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून जखमी सैनिकांना हातपाय देत आले आहे. जयपूरमध्ये १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो पाय तयार केला, त्याचे मर्म आपल्यासारख्या शेती-बागायतीच्या माणसांना चटकन कळेल. परदेशी पायाला बूट लागत असे आणि तो घोट्यात वळत नसे. रबराच्या या पायाने अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, मांडी घालता येते आणि चिखलात उतरता येते. म्हणजे पंगतीला बसता येते, देवळाची पायरी चढता येते, शेताच्या बांधावरून जाता येते. १९८१ मध्ये अपघातानंतर पाय गमावलेल्या नर्तकी सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा भरतनाट्यम् नाचल्या. १९८६ चा ‘नाचे मयूरी’ हा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. अशा पायाने मानवता किती वजा झाली, हे सांगण्यासाठी फासे टाकू पाहणाऱ्याला त्या पंगतीत कोणी बसू देणार नाही.

तथापि माणसाला आकड्यांत मांडण्याचा आरोप केवळ खेळांवर ठेवून मोकळे होणे न्याय्य ठरणार नाही. शासनव्यवहारही तेच करतो, आणि ज्यांचे आयुष्य फायलींत गेले त्यांना हे अधिक ठाऊक असते. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती. खांद्यापासून हात गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ९० टक्के, हाताचा पंजा गेल्यास ६०, एक डोळा गेल्यास ४०, अंगठा गेल्यास ३०, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४. डिचोलीसारख्या खाणींच्या महालात, जेथे कित्येक दशके लोहखनिज खणले गेले, ट्रकांनी वाहिले गेले आणि बार्जेसमधून मांडवीमार्गे समुद्राकडे गेले, तेथे ही अनुसूची केवळ छापील कागद नव्हती. तिच्यात वेदनेचा रकाना मात्र नव्हता. मोटार वाहन कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या कोष्टकात तो होता. गंभीर दुखापतीच्या यातनांना ५,००० रुपये आणि किरकोळ दुखापतीच्या यातनांना १,००० रुपये, असे सरसकट दर त्यात छापलेले होते. पुढे २०१८ साली ते कोष्टकच बदलले गेले.

अशी कोष्टके टाकाऊ आहेत, असे मी म्हणणार नाही. कोष्टक नसते तर मजुराला मालकाच्या मर्जीवर राहावे लागले असते. आकडा हे दुबळ्याचे संरक्षणही असते. प्रश्न आकड्यावर थांबावे की नाही, हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या अखेरीस राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात दिलेला, २०११ च्या निर्णयसंग्रहात छापलेला निकाल या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. अवयवाच्या हानीची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेची हानी या एकच गोष्टी नाहीत, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. डावा हात गेला तर वाहनचालकाचे किंवा सुताराचे सर्वस्व जाऊ शकते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून आधी तो माणूस कोण, काय करीत होता आणि आता काय करू शकतो, हे पाहावे. यातना, मनस्ताप आणि जगण्यातील सुखांची हानी हे विषय न्यायालयाने कमाईपासून वेगळे ठेवले. तुटलेल्या हाताचा अर्थ हात कोणाचा होता यावर ठरतो, ही गोष्ट कथाकाराला सांगावी लागू नये. पण ‘सायबरपंक २०२०’च्या कोष्टकापेक्षा ती एका न्यायनिर्णयात अधिक स्पष्टपणे सांगितली गेली आहे.

ग्रंथकारांनीही हा दोष ओळखला, हे नमूद करणे आवश्यक आहे. २०२० च्या नोव्हेंबरात ‘सायबरपंक रेड’ ही नवी आवृत्ती आली. गमावलेल्या अवयवाची केवळ भरपाई करणाऱ्या वैद्यकीय दर्जाच्या कृत्रिम अवयवाने मानवता घटत नाही, असे तिने मान्य केले. घटते ती निसर्गदत्त शक्तीपेक्षा अधिक शक्ती देणाऱ्या यंत्रांनी. गेलेली मानवता उपचारांनी काही अंशी परत मिळवण्याची सोयही तीत आहे. तीस वर्षांनी खेळाच्या पुस्तकाने एक नियम बदलला, ही वरवर क्षुल्लक वाटणारी घटना मला महत्त्वाची वाटते. समाजाची दृष्टी बदलली की नियम बदलतात, हे आपण कायद्यात पाहतो. येथे ते करमणुकीच्या ग्रंथात घडले.

तरी एक अडचण उरते. भरपाई कोठे संपते आणि वाढ कोठे सुरू होते? दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याच्या कार्बनच्या पात्यांवरून हाच वाद झाला. २००८ च्या जानेवारीत जागतिक संघटनेने त्याला मनाई केली आणि मे महिन्यात क्रीडा लवादाने ती उठवली. तज्ज्ञांनी यंत्रे लावून मोजमाप केले, तरी एकमत झाले नाही. मग नियमपुस्तकाने यादीत एका अवयवापुढे शून्य आणि दुसऱ्यापुढे दोन फासे लिहून हा प्रश्न सुटेल, असे कसे मानावे? ‘रेड’मध्येही यांत्रिक अवयवाला दुखत नाहीच, आणि अर्ध्याहून अधिक प्राणांक गेले की सर्व कृतींतून सरसकट दोन वजा होतात. सहज खेळता यावे म्हणून हे सुटसुटीत केले असणार. सुटसुटीतपणात वेदनेचे वैविध्य मात्र गेले. या एका बाबतीत १९९० ची जुनी आवृत्ती मला सरस वाटते.

या खेळांपुढे उपाय आहे काय? आहे, आणि आपल्या दशावताराकडे पाहिल्यास तो सापडतो. तेथे युद्ध मृदंगाच्या तालावर नाचून होते. घाव किती बसले हे कोणी मोजत नाही. शस्त्र अंगाला लागतही नाही. एवढ्या लुटुपुटीच्या लढाईनंतर पात्र पडते, आणि मग विलाप सुरू होतो. लढाई आटोपती घेतात, विलाप आटोपता घेत नाहीत. पायपेटीवाला सूर धरतो, नट पद आळवतो, मध्येच बोलतो, पुन्हा आळवतो आणि पहाटेच्या गारव्यात मांडवातली माणसे स्तब्ध होतात. दशावतारात वेदनेला आकडा नाही. तिला वेळ दिलेला आहे. तो वेळ किती असावा, हे नटाच्या अंगच्या जाणकारीवर आणि समोरच्या माणसांच्या मनःस्थितीवर ठरते.

भूमिकाखेळाच्या सूत्रधारालाही हे करता येण्याजोगे आहे. फासा पडला, हात गेला, कोष्टकात वजाबाकी झाली, की लगेच पुढच्या खेपेला न वळता त्याने त्या पात्राच्या खेळाडूला बोलू द्यावे. हात कोणाचा होता, त्या हाताने तो काय करीत असे, नव्या हाताने प्रथम काय उचलावेसे वाटते, हे त्याने विचारावे. अशा प्रश्नांची जागा पुस्तकात राखून ठेवणे, त्यांच्यासाठी एक पान कोरे सोडणे, हाही नियमच होईल. मी वाचलेल्या पुस्तकांपैकी एकाही पुस्तकाने हे केलेले नाही. यांत्रिक अवयवांच्या किमती, वजने आणि क्षमता यांना पानेच्या पाने देणाऱ्या ग्रंथांतील ही उणीव लहान नाही.

या पुस्तकांतील चित्रे भडक आहेत, भाषा धसमुसळी आहे आणि हिंसेचा सोस पुष्कळ ठिकाणी असह्य होतो. तरीही त्यांना क्षुद्र लेखू नये. तुटलेल्या देहाचे मोल काय, दुखणे कसे मोजावे आणि माणूसपण कशात असते, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी कोष्टकांत देऊ केली. म्हणून ती चुकली कोठे हे आपल्याला दाखवता आले. आपल्या घरातील तरुण मंडळी असा खेळ खेळत असतील, तर त्यांच्यापुढे विश्पलेची आणि कर्णाची कथा ठेवावी, आणि त्यांच्या खेळात हात गमावलेल्या माणसाचे काय होते, हे त्यांना विचारावे. त्यांच्या उत्तरावरून त्या पुस्तकाची योग्यता आपल्याला कळेल.